हरभऱ्याच्या रानातली नाव

बाबा,

एका जुन्या नावेबद्दल चारचौघींत दिलेला शब्द मी तासाभरात माघारी घेतला. का घेतला हे ज्यांना सांगायला हवं ते तुम्ही एकटेच आहात, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा एका घरात राहत होतो, गरज पडली नाही. तुम्ही गेल्यावर असलं काही करणाऱ्यांपैकी मी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आई गेली तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी शाळेवर हजर होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. पुढची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, आणि शेवटची अकरा वर्षं विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्तीनंतरही मी तिथेच राहिले. पाणी जवळ, दवाखाना जवळ, आणि गावात मला ओळखत नाही असं कुणी नाही. त्या गावात मासे धरणाऱ्या बायकांनी एक गट केला आहे. मला धरून अकरा जणी. त्यांची अध्यक्षा माझी विद्यार्थिनी. सातवीत तिला मी जितका वेळ वर्गाबाहेर उभं केलं तितका वेळ ती आत बसली नसेल. त्यांनी मला सचिव केलं. कारण विचारलं तर ती म्हणाली, "बाईंकडं बघितलं की समोरचं माणूस आपोआप खरं बोलतंय. अर्ज बी तुम्हीच लिवा आन् बोलाचाली बी तुम्हीच करा."

आतापर्यंत या बायका थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत होत्या. दोन फळ्या, त्यांच्या मध्ये थर्माकोल, वरून नायलॉनची दोरी आवळलेली. एका तराफ्यावर दोघी. मागच्या भाद्रपदात वरून पाणी सोडलं होतं, धार वाढली, आणि सकाळी सकाळी एक तराफा मधोमध उलटला. दोघी वाहत जाऊन पाण्यात बुडालेल्या एका बाभळीला अडकल्या आणि दुपारपर्यंत काट्यांना धरून राहिल्या. त्यातली एक अध्यक्षा. ती ही गोष्ट हसत सांगते. दुसरी अजून सांगत नाही, आणि पाण्यावरही जात नाही. त्या दिवसापासून गटाच्या प्रत्येक बैठकीत एकच विषय: मोठी नाव. दहा जणी जाळ्यांसकट बसतील अशी. नवी परवडणारी नव्हती. तेव्हा उदगीरकडच्या एका तलावावर जुनी पत्र्याची नाव विकायला आहे असं कळलं, आणि एका सकाळी आम्ही पाच जणी जीप करून लोह्यावरून तिकडे निघालो.

बाबा, ती नाव मी प्रथम पाहिली ते सांगते. मी पाण्यात शोधत होते. पाणी कुठेच नव्हतं. तलाव दोन वर्षं भरला नव्हता, मागे मागे सरकत टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसला होता, आणि सोडलेल्या जमिनीवर लोकांनी हरभरा पेरला होता. गुडघाभर हिरवा हरभरा, घाट्यांवर आलेला, आणि त्याच्या मधोमध दगडांवर टेकवलेली एक नाव. चोवीस फूट लांब. तिचं नाक माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. आजूबाजूला बायका भाजीसाठी घाटे खुडत होत्या आणि एकीने तिचं लेकरू नावेच्या सावलीत झोपवलं होतं. नदीकाठी इतकी वर्षं राहून मी नावेचं बूड कधी पाहिलं नव्हतं. पाण्यावर दिसतो तो नावेचा फक्त वरचा तुकडा. ते पोट, तो बाक, शेवटाला निमुळतं होत गेलेलं ते अंग. एवढं सगळं पाण्याखाली राहतं आणि त्याच्याच जिवावर माणसं वर बसून तंबाखू मळतात. अध्यक्षा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्हैसच हाय की." त्या क्षणी तिने मनातून नाव विकत घेऊन टाकली होती. बाकी सगळं नंतरचं.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे, तिथल्या मच्छीमारांचे जुने म्होरके. सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हटलं. लबाड माणूस नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. अध्यक्षेने दगड उचलून बुडावर ठोकून पाहिलं, टणटण आवाज आला. मामा हसले. "आवाजावर जाऊ नका. नाव पाण्यात टाकून बघायची नसते, पाणी नावेत टाकून बघायचं असतं. आत पाणी आन् भाईर डोळा. आमच्याकडं हीच रीत हाय." मला ते पटलं. हरभऱ्याच्या मालकाची मोटर चालू केली, पाइप नावेत सोडला, आणि वीतभर पाणी भरलं. खाली आम्ही जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मग पाचही जणी, मीसुद्धा या वयात, पदर खोचून नावेखाली वाकून गेलो आणि सांधा न् सांधा पाहिला. अर्धा तास. बुडावर एक थेंब आला नाही. वर्तमानपत्रं कोरडी ठणठणीत. मी बाहेर आले, कंबर सरळ केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाव पास आहे. घेऊ या." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी बुडाचं बूच काढलं, नावेतलं पाणी धो धो रानात गेलं, आणि आम्ही त्यांच्या खोपीवर चहाला गेलो.

चहा, चिवडा, कागदावर काय लिहायचं याची चर्चा, यात तास गेला. इसार देण्याआधी नावेची लांबी एकदा टेपने मोजून घ्यावी म्हणून मी एकटीच परत रानात गेले. सकाळी येताना त्या काळ्या रानातल्या एका भेगेत माझी चप्पल अडकली होती. दोन बोटं रुंद भेग, लांबच लांब गेलेली, चप्पल काढायला मला वाकावं लागलं होतं. आता तिथूनच नावेतलं पाणी वाहून गेलं होतं. मी भेग शोधली. ती नव्हती. जमीन फुगून दोन्ही काठ एकमेकांना भेटले होते आणि मधे एक बारीक रेघ तेवढी उरली होती, हातावरच्या रेषेसारखी. मी तिथे उभी राहिले आणि बाबा, मला तुमचा आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही, असलं काही मला होत नाही. पण तुमचं एक वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं.

तुम्ही टाक्यांच्या वर्कशॉपमध्ये होतात ती वर्षं. मी नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि कॉलेजला जाताना तुमचा डबा पोचवायचा हे माझं काम. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही एका टाकीखाली उताणे पडलेले आहात. टाकी जुनी, टँकरची. कुठल्याशा गावाला पिण्याचं पाणी न्यायला ठेकेदाराने दुरुस्तीसाठी आणलेली. ठेकेदार, मालक आणि दोन पोरं बाजूला उभी आहेत आणि हसत आहेत, कारण टाकी पाण्याने भरून दोन तास झाले, एक थेंब गळलेला नाही, आणि तुम्ही म्हणताय की टाकी रिकामी करा, वाळवा, मला रॉकेल द्या. मालक म्हणतो, "पाणी थांबलंय की रे. तुला अजून काय पाहिजे, सोनं न्यायचंय का त्यातून?" तुम्ही टाकीखालून बाहेर आलात, पाठ झटकलीत आणि म्हणालात, "पाणी थांबलं न्हाई मालक. चिखलानं धरलंय." मालकाने रॉकेल दिलं नाही. टाकी दोन दिवस उन्हात ठेवायला मात्र परवानगी दिली, तीसुद्धा तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीकडे पाहून.

आणि दोन दिवसांनी तुम्ही घरातल्या स्टोव्हची बाटली उचलून घेऊन गेलात. रेशनचं रॉकेल, महिन्यातून एकदा मिळणारं, त्यातली उरलेली बाटली. आई दारातून ओरडली होती, "आता स्टोव्हला काय पाजू? तुमचा इमानदारपणा?" मीही चिडले होते. त्या दिवशी डबा घेऊन आले ती भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, "बाबा, पाण्याने टेस्ट झाली ना? सगळे तुम्हाला हसतात." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, तरी त्या दिवशी मला चपराक बसल्यासारखं झालं. म्हणालात, "तुला परीक्षेत पास व्हायचंय. टाकीला न्हाई. टाकीला तीस मैल खड्ड्यातून जायचंय, आन् तिथं बाया घागरी घेऊन उभ्या राहणारायत. ये इकडं." आणि माझ्या कॉलेजच्या साडीची पर्वा न करता मला टाकीखाली वाकायला लावलंत. बाहेरून सगळ्या सांध्यांवर तुम्ही चुन्याचा पातळ हात दिला होता. वाळून तो पांढराशुभ्र झाला होता, जयंतीच्या मिरवणुकीला तुम्ही घालायचात त्या सदऱ्यासारखा. आतून फडक्याने रॉकेल फिरवलं होतं. काही दिसेना. मी म्हणणार होते, बघा, काही नाही. आणि त्या पांढऱ्यावर तिळाएवढा एक ठिपका आला. काळपट, ओला. तो माझ्या डोळ्यांसमोर ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, मग चिंचोक्याएवढा. शेजारी दुसरा आला. लोखंडातून काहीतरी आपल्या पायाने चालत बाहेर येत होतं. तुम्ही खडूने प्रत्येकाभोवती गोल काढलात आणि म्हणालात, "पाणी आलं की काळी माती फुगती आन् भोक बुजवती. रॉकेलला माती फुगत न्हाई. ते वाळल्या मातीतून वाट काढतंय." बस्स. एवढंच. घरी येऊन मी पुस्तक काढलं. केशाकर्षण सापडलं. तुमचा चिखल कुठल्याच पानावर नव्हता.

तर मी त्या हरभऱ्याच्या रानात उभी, आणि नावेत दोन वर्षांचा गाळ बसलेला होता हे मला आता दिसत होतं. फावड्याने वरचा काढला होता, सांध्यातला कोण काढणार? मी खोपीवर परत गेले. अध्यक्षा इसाराची पिशवी सोडून बसली होती. मी म्हणाले, "थांबा. नाव पास नाही."

बाबा, त्यानंतरचा अर्धा तास मला माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा जड गेला. मामांचा चेहरा उतरला. "बाई, आता तर तुम्हीच खाली वाकून बघितलं. माझी नाव खोटी म्हणता?" मी म्हणाले, "मामा, नावेवर माझा राग नाही. तिच्यातल्या चिखलावर माझा भरवसा नाही." ते समजले नाहीत. अध्यक्षा समजून घेण्याच्या पलीकडे गेली होती. ती मला बाजूला घेऊन गेली आणि दात आवळून म्हणाली, "बाई, काय करून राहिले तुम्ही? मार्क दिले, टाळ्या झाल्या, आता मार्क परत मागून राहिले? परभणीकडचे लोक उद्या येणार हायत बघायला. नाव गेली तर पुन्हा थर्माकोलवर मीच जाणार हाय, तुम्ही न्हाई." हे खरं होतं. थर्माकोलवर मी जाणार नव्हते. नाव बुडाली तरी तिच्यात मी असणार नव्हते. मी फक्त "पास" म्हणणारी होते. मी तिला म्हटलं, "दहा दिवस दे. सांध्यांना ब्रश मारून नाव उन्हात राहू दे. मग मी सांगते. तोपर्यंत गेली तर माझ्यामुळे गेली असं सगळ्यांना सांग." ती इसाराची पिशवी पुन्हा बांधायला लागली. परतीच्या वाटेवर लोह्याला भजी घेतली तीसुद्धा चौघींनीच.

परभणीकडचे लोक आले. त्यांनीही आत पाणी भरलं, बाहेर डोळा लावला आणि पसंत केली. तरी मामांनी नाव दिली नाही. फोन करून मला म्हणाले, "तुमच्या त्या बोलण्यानं मला झोप न्हाई, बाई. या आन् काय बघायचं ते बघून टाका." म्हणून म्हणते, लबाड माणूस नव्हता.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. रॉकेल आता कुठेच मिळत नाही बाबा, रेशनवरही नाही. मी डिझेल नेलं, दोन लिटर. चुन्याची पुडी, दोन ब्रश, जुन्या साडीची फडकी. बुडाच्या सगळ्या सांध्यांवर मी स्वतः चुना ओढला. ऊन चांगलं होतं, तासाभरात नाव खालून अशी पांढरी झाली की हरभरा खुडणाऱ्या बायका काम टाकून बघायला आल्या. मग अध्यक्षेने आत उतरून, माझ्यावर राग असूनही मी सांगितलं तसंच, सांध्या-सांध्यावरून डिझेलचं फडकं फिरवलं. आणि आम्ही सगळे खाली. मामा, आम्ही पाच जणी, आणि तो हरभऱ्याचा मालक, ज्याचा यात काही संबंध नव्हता.

पाच मिनिटं गेली. काही नाही. दहा गेली. अध्यक्षा म्हणाली, "नावेला न्हाई, बाई आपल्यालाच चुना लावून राहिल्यात." सगळ्या हसल्या. मामाही हसले. मीही हसले असते, पण मला हसू येत नव्हतं, कारण मला दोन्हीची भीती होती: ठिपका न येण्याची आणि येण्याची. आणि मग मधल्या लांब सांध्यावर तीळ आला. मी बोट दाखवलं नाही. मला बघायचं होतं कुणाला दिसतो. हरभऱ्याच्या मालकाला दिसला. "ते काय?" तो म्हणाला. तोवर तो ज्वारीएवढा झाला होता, आणि त्याच्या पुढे दुसरा, तिसरा, जणू आतून कुणी एकेका भोकाशी येऊन बाहेर डोकावत होतं. पुन्हा एकदा, बाबा. चाळीस वर्षांहून जास्त काळ मधे गेला आणि माझ्या अंगावर तोच काटा आला. निबर पत्रा, ज्यावर दगड मारला तर टणटण वाजतो, ज्याने वीतभर पाणी अर्धा तास तोलून धरलं, तो आमच्या डोळ्यांदेखत आपली सगळी दुखणी एकेक करून सांगायला लागला होता. सावलीत झोपलेलं लेकरू कुरकुरलं. मी पेन्सिलने गोल काढत गेले. सतरा झाले. त्यातले पाच मागच्या बाजूला एका ओळीत आले आणि एकमेकांना मिळून दीड वीत लांब काळी रेघ झाली. तिथे भोकं नव्हती, चीर होती. तिथेच मागे सगळ्यात जास्त माणसं बसतात.

मामा त्या रेघेखाली उताणे पडून राहिले. टोपी छातीवर. तिथूनच म्हणाले, "हिच्यात मी माझ्या लेकीचं वऱ्हाड पलीकडच्या गावाला नेलंय. एकवीस माणसं. तवा बी हे असंल का, बाई?" मी म्हणाले, "माहीत नाही, मामा." त्यांना बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नसतं. अध्यक्षा बाहेर येऊन हरभऱ्यात बसली होती. मी जवळ गेले तर ती नावेकडे पाहत म्हणाली, "दहा जणी बसणार होतो आम्ही." मग माझ्याकडे वळली, आणि तिचा राग गेला होता असं नाही, फक्त तो दुसरीकडे वळला होता. "बाई, हे आम्हाला शाळेत का न्हाई शिकवलं?"

मी म्हणाले, "अभ्यासक्रमात नव्हतं." बाबा, हे खरं आहे आणि पुरेसं खरं नाही. केशाकर्षण मी दरवर्षी शिकवलं. काचेची बारीक नळी, शाईचं पाणी, "बघा मुलांनो, पाणी आपोआप वर चढतंय." इतक्या वर्षांत एकदाही मी तुमची टाकी सांगितली नाही. चुना सांगितला नाही, स्टोव्हची बाटली सांगितली नाही. वेळ नव्हता असं नाही. माझ्या वर्गात पुस्तकाला जागा होती. शेडमध्ये उताण्या पडलेल्या माणसालाही तिथे जागा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. ज्या मुलीला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला मी बाहेर उभं केलं होतं.

पुढचं लवकर सांगते. मामांनी नाव मोडीत काढली नाही, आम्हीही सोडली नाही. त्यांनी तालुक्याहून वेल्डिंगवाला आणला. मी आधी सांधे सोड्याच्या पाण्याने तीनदा धुऊन घेतले, कारण डिझेल राहिलेल्या पत्र्यावर ठिणगी पडली तर काय होतं हेही तुम्हीच सांगितलं होतंत. त्याने चीर आहे तिथला पत्रा कापून नवा बसवला, बाकीचे सांधे घासून पुन्हा जोडले. "म्हातारीला एवढं कोण बघतंय," असं तो पुटपुटत होता. मी उन्हात खुर्ची टाकून समोर बसले, तेव्हा पुटपुटायचं थांबला. मग पुन्हा चुना, पुन्हा डिझेल. यावेळी आम्ही दोन तास खाली बसलो. पांढरं पांढरंच राहिलं. अध्यक्षा म्हणाली, "आता तरी पास म्हणा." मी म्हणाले, "पाण्यात बघू."

नाव ट्रकवरून आमच्या गावी आली. मामा तिच्याबरोबर आले, ट्रकमध्ये नावेतच बसून. गावातले सगळे काठावर. चाळीस हातांनी ती ढकलली आणि ती पाण्यात शिरली तेव्हा ते अवाढव्य पोट, जे मी दहादा हाताने चाचपलं होतं, हळूहळू दिसेनासं झालं. अध्यक्षा आत चढली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "बाई, तुम्ही तपासली, तर पहिल्यांदा तुम्ही बसा. आधी बाई, मग आम्ही." पोरं हसली. नाही म्हणायला जागा नव्हती. मी चढले. मग एकेक जण. मामा मागच्या टोकाला बसले, नव्या पत्र्यावर, मुद्दाम. सगळ्यात शेवटी ती दुसरी, जी भाद्रपदापासून पाण्यावर गेली नव्हती. तिने माझ्या दंडाला धरलं आणि माझ्या शेजारी बसली.

एक कबूल करते. बायका गाणं म्हणत होत्या, काठ मागे चालला होता, आणि मी पाण्याकडे बघत नव्हते. मला पोहता येत नाही हे तिथे कुणाला माहीत नाही. दोन वेळा तपासूनही मी पायाखालच्या पत्र्याकडे डोळे लावून बसले होते आणि तळहात त्यावर टेकवून ठेवला होता, कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली. मधोमध आल्यावर शेजारची म्हणाली, "बाई, वर बघा की." मी वर पाहिलं. इतकी वर्षं ज्या काठावर मी घंटा वाजवली तो काठ एक हिरवी दोरी झाला होता. शाळा काडेपेटीएवढी. चारी बाजूंना एवढं पाणी, आणि ते सगळं पाणी खालून नावेला दाबत होतं, शोधत होतं, कुठे वाट मिळते का. आणि मिळत नव्हती. मी हात काढून घेतला.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही. काठावर आल्यावर मी नावेच्या ताब्याची पावती केली. मामा म्हणत होते "नाव निर्दोष" असं लिहा, ते मी लिहिलं नाही. तीन प्रती केल्या. एक मामांना, एक गटाला. तिसरी याच्यामागे टाचते आहे, मजकूर असा:

आज रोजी देण्यात व घेण्यात आलेली वस्तू : पत्र्याची जुनी नाव, एक. लांबी चोवीस फूट. मागील भागाचा एक पत्रा नवा, बारा ठिकाणी जोड नव्याने केलेला. वल्ही चार, पैकी एक तडकलेलं. साखळीसह लोखंडी नांगर एक. बुडाचं बूच एक व जादा एक. पाणी उपसण्याचा डबा एक. देणार यांची सही. घेणार, गटाच्या अकरा जणींच्या सह्या, अंगठा एकही नाही. तपासणार यांची सही. बारा माणसांसह पाण्यात फेरी मारून परत आल्यावर नावेत आढळलेलं पाणी : अंदाजे एक तांब्या, वल्ह्यांवरून ओघळलेलं. बुडातून आलेलं : नाही.